हातोडीचा सराव

महिला तुरुंगात तिला सगळ्या हातोडी म्हणत. कैदी पाठीमागे म्हणत, सोबतच्या शिपाई तोंडावर. वीस वर्षांच्या नोकरीत तिने चार जबडे, दोन बरगड्या आणि एक नाक मोडलं होतं, आणि त्यातलं एकही उगाच नव्हतं, असं ती शपथेवर सांगायची. कुणी टूथब्रश घासून टोकदार करून अंगावर यायची, कुणी उकळतं पाणी तोंडावर फेकायची. तिथे विचार करत उभं राहणाऱ्या शिपायाला टाके पडतात. हिच्याही मानेवर सात होते. त्यामुळे मागून कुणाचा हात लागला की हिचं कोपर आधी फिरायचं आणि डोकं मागाहून.

असा हात घरी निघताना फाटकावर जमा करता आला असता तर आणखी काय हवं होतं! दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती ड्युटीवरून येऊन ओट्याशी पाणी पीत उभी होती. पंधरा वर्षांच्या लेकीने मागून येऊन तिच्या गळ्यात हात टाकले. लाडाने. पुढच्या क्षणी पोरगी जमिनीवर होती आणि तिचं मनगट भलतीकडेच वळलं होतं. हाड मोडल्याचा आवाज हातोडीच्या चांगला ओळखीचा होता. पोरगी ओरडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

नवरा बेकरीत भट्टी सांभाळायचा. मुंगीलाही वाट देणारा माणूस. दवाखान्यातून आल्यावर तो एवढंच म्हणाला, "पुन्हा तुझा हात हिच्यावर उठला, तर मी हिला घेऊन माझ्या ताईकडे राहायला जाईन. भांडणार नाही. नुसता जाईन."

भांडखोर माणसाची धमकी कानामागे टाकता येते, अशा गरीब माणसाची काळजात रुतून बसते. हातोडीने अंग थकवायला सुरुवात केली. थकलेला हात गप्प बसतो, असा तिचा साधा हिशेब. सकाळी साडेपाचला पोहण्याचा तलाव. मग सायकलने तुरुंग, जाताना चौदा किलोमीटर, येताना चौदा. जेवणाच्या सुट्टीत तुरुंगाच्या भिंतीबाहेरून धावणं. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून कैदी तिच्या फेऱ्या मोजत आणि ओरडत, "पळ हातोडे पळ, सुटलीस!"

हे तिन्ही एका दमात करायची शर्यत असते आणि तिला ट्रायथलॉन म्हणतात, हे तिला तलावावरच्या दातांच्या डॉक्टरने सांगितलं. दवाखाना उघडण्याआधी तो पाच-सहा नोकरदार माणसांना या शर्यतीसाठी शिकवायचा; तीही त्या गटात गेली. कुणी वेळ नाही म्हणालं की विचारायचा, "दाढ ठणकली की वेळ कुठून सापडतो हो?"

सायकल जमली, धावणं जमलं. अडलं ते पाण्यात. शर्यतीला तीनशे माणसं एकदम पाण्यात उतरतात, लाथा बसतात, पाय ओढले जातात, लोक पाठीवरून जातात. त्याचा सराव म्हणून डॉक्टरने एका सकाळी पोहताना तिचा घोटा धरला. पाणी लाल झालं. दात घशात घालीन असं आपण नुसतं म्हणतो, हिने घातला. दुसऱ्यांचे दात बसवणारा माणूस आठवडाभर तोंडाला रुमाल लावून हिंडला.

"ताई," तो बोबडं बोलत म्हणाला, "शर्यतीत असं केलंत तर कुणीतरी मरेल. कुणी धरलं तरी त्याच्यावर हात न उचलता पोहता आलं पाहिजे. तोवर मी तुमचं नाव देणार नाही."

नाव गेलं खड्ड्यात. दोन वर्षं घाम गाळूनही हात होता तिथेच आहे, हे कळून ती हबकली. जित्याची खोड म्हणतात ती हीच. घरात पोरगी अजून तिच्या पाठीमागून जाताना आधी खोकायची.

पुन्हा तिला धरायला गटातलं कुणी तयार होईना. जेवताना तिने ते सांगितलं, तेव्हा पोरीने ताटातून मान वर केली. शाळेतून पोहण्याची दोन बक्षिसं आणलेली पोरगी.

"मी धरते."

"काही गरज नाही," बाप म्हणाला.

"मी धरते म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी दोघी तलावात उतरल्या. पहिल्यांदा पोरीने घोटा ओढला. हातोडीच्या मुठी वळल्या, पण ती पोहत राहिली. दुसऱ्यांदा पोरगी गुडघा मणक्यात रोवून पाठीवरून गेली. काठावरून डॉक्टर शाब्बास म्हणाला. तिसऱ्यांदा तिने मागून गळ्याला विळखा घातला, आईला खाली दाबलं आणि सोडलंच नाही.

ही पकड सोडवायला हातोडीला दोन सेकंद पुरतात. अंगठा पकडायचा, उलटा मोडायचा, कोपर बरगडीत. नव्या शिपायांना तीच हे शिकवायची. उजवा हात निघालाही होता. तिने तो डाव्या हाताने पकडला, बोटांत बोटं अडकवली आणि पोटाशी आवळून धरला. नाकातोंडात पाणी गेलं. गळ्यात नखं रुतली, तेव्हा तिला कळलं की हा सराव नाही, पोरगी आपल्याला खरंच बुडवतेय. डोळ्यांपुढे अंधार आला तरी तिने बोटं सुटू दिली नाहीत.

डॉक्टरने उडी मारून दोघींना वेगळं केलं आणि ओढत काठावर आणलं. हातोडी फरशीवर पाणी ओकत राहिली.

"मारलं का नाहीस?" पोरगी तिच्यावर ओणवून किंचाळत होती. "मारायचंस ना! तू मारणार म्हणून बॅग भरून ठेवलीय मी! बाबांना घेऊन जाणार होते!"

 हातोडीने खोकतच नकारार्थी मान हलवली.

तेव्हा पोरीने मारलं. कोपर अंगाशी, ताकद खांद्यातून, मनगटाजवळचा तळहात थेट जबड्यावर. डोकं फरशीवर आपटलं, ओठ फाटला. चांगला फटका होता. पोरीला तो कुणी शिकवला नव्हता. खाण तशी माती, दुसरं काय!

पोरगी मागे सरकली. स्वतःच्या हाताकडे बघताना तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, मी... मला मारायचं नव्हतं गं. हात आपोआप गेला."

"माहीत आहे," हातोडी म्हणाली. तोंडातलं रक्त थुंकून ती उठून बसली, थोडी बाजूला सरकली आणि तिने पोरीला शेजारी बसायला जागा करून दिली.