दुपारचा पहारा

सेवानिवृत्त झाल्यानंतर माणसाला निवांतपणा मिळतो असे म्हणतात. मला मात्र भय मिळाले. पूर्णेच्या शाळेत अनेक वर्षे शिकवून मी पालम रस्त्यावरच्या आमच्या गावी परतलो, आणि वर्षभरातच नावे निसटू लागली. एकदा सणाला आलेल्या माझ्या थोरल्या मुलीला हाक मारायला तोंड उघडले, तर तिचे नावच आठवेना. तिने ते हसण्यावारी नेले. मला त्या रात्री अन्न गेले नाही.

या भयाला कारण होते. माझे वडील मोठे नामधारक. परंतु अखेरच्या वर्षी त्यांना काहीच आठवत नसे. आई उशाशी बसून दिवसभर नामस्मरण करी, आणि ते तिलाच विचारीत, "बाई, तुमी कोणाच्या?" अंतकाळी मुखी नाम असावे, एवढ्यासाठी माणूस जन्मभर नाम घेतो, असे लहानपणापासून मनावर ठसलेले. मग ज्याला नामच आठवत नाही, त्याची गती काय? जन्मभराची ती शिदोरी नेमकी वेशीवरच सांडत असेल, तर तिचा उपयोग काय? हे प्रश्न मी कोणाला विचारले नाहीत. त्याऐवजी शिक्षकाला सुचावे तेच मी केले. रोज पहाटे स्वतःची परीक्षा घेऊ लागलो. पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे नीट पार पडत. औटकीत, साडेतीनच्या पाढ्यात, मध्येच पाय अडखळे. तो सबंध दिवस मग काळवंडून जाई.

दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. त्यात बंद पडलेला नामसप्ताह गावाने पुन्हा सुरू केला. ज्यांना ही पद्धत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सात दिवस मारुतीच्या देवळात वीणेचा पहारा असतो. एकाने वीणा गळ्यात घालून नाम घेत उभे राहायचे. त्याची वेळ संपली की दुसऱ्याने त्याच्या पाया पडून ती आपल्या गळ्यात घ्यायची. वीणा जमिनीला टेकता कामा नये आणि नाम तुटता कामा नये. तुटले तर सप्ताह खंडित झाला, गावावर दोष आला, असे मानतात.

मी मुद्दाम भर दुपारचा पहारा मागून घेतला. माझी खरी परीक्षा तिथेच होईल, असा माझा हिशेब होता. सुरुवातीचे दिवस उत्तम गेले. एके दिवशी मात्र पंगत विहिरीवरच्या मळ्यात होती आणि देऊळ रिकामे होते. माझ्यानंतर माझा चुलतभाऊ गंगाधर यायचा होता. तो आला नाही. मास्तर उभे आहेत म्हणजे काळजी नाही, असा सर्वांचा भरवसा. ऊन सभामंडपाच्या फरशीवर चढत आले. हाक मारावी तर नाम तुटते. वीणा ठेवावी तर ती टेकते. मी खांबाला पाठ लावून उभा राहिलो.

आणि मग ते घडले. माझी बोटे तार छेडीत होती, पण ओठ थांबले होते. काय म्हणायचे होते? मनात शोधले, तिथे काहीच नव्हते. पुसलेल्या फळ्यावर ओल्या फडक्याचा ओघळ तेवढा राहावा, तसे झाले. वडिलांचा चेहरा दिसला. देवा, असे म्हणायलाही मला शब्द सापडेना.

"आवो बाबा, प्यायला पानी हाय का हितं?"

पायरीवर एक परकी बाई उभी होती. डोक्यावर गाठोडे, पायांवर धूळ. पालमची गाडी वाटेत बिघडली म्हणून ती उतरून पाण्याच्या शोधात आली होती, हे मागून कळले. तिने माझ्याकडे पाहिले आणि गाठोडे खाली टाकले.

"काय व्हायलंय तुमाला? घेरी यायली का?"

माझी बोटे तेवढी तार छेडीत राहिली. तिने जवळ येऊन स्वतःच नाम धरले, "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी." ते शब्द मला नवेच वाटले. तिने वीणेला हात घातला तेव्हा मी मान हलवली. बाईमाणसाने पहारा धरायची आमच्याकडे रीत नव्हती.

"तुमी पडलाव तर ईना बी पडंल. घ्यावं का न्हाई ते मागून बसून ठरवा," असे एका दमात म्हणून तिने वीणा माझ्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातली आणि नाम पुढे चालू ठेवले. मी खांबाशी बसलो. ऐकता ऐकता माझे ओठ तिच्यामागून हलू लागले.

इतक्यात गंगाधर धावत आला. "मास्तर, गाय आडली व्हती हो! आन् ही कोण?" मग घाबरून, "ईना टेकली का खाली?" नाम घेता घेताच बाईने मान हलवली: नाही. गंगाधर क्षणभर घुटमळला. मग रीतीप्रमाणे वाकून तिच्या पाया पडला आणि वीणा घेतली. कोण, कुठली, हे तिला विचारायचे राहूनच गेले. तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. "आता गं बाई!" म्हणत तिने गाठोडे उचलले आणि ती पळाली. पाण्यासाठी आली होती. पाणी न पिताच गेली.

त्यानंतर सप्ताहात मी पहारा धरला नाही, नुसता बसून ऐकत राहिलो. ऐकताना एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. वडिलांच्या खोलीत आई दिवसभर जे करीत होती, ते मला केविलवाणे वाटत असे. तो पहारा होता. वडिलांच्या गळ्यातून सुटलेले तिने अलगद घेतले होते, खाली टेकू दिले नव्हते. नाम मी सांभाळतो, हा माझा समज होता. ते माझ्या आधीपासून चालू होते आणि माझ्यावाचूनही चालू राहील. मला काही काळ उभे राहायला मिळाले, हीच कृपा.

भय पूर्ण गेले, असे मी लिहिणार नाही. औटकी आजही तुटते. हे सारे पत्नीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "अहो, आन् मी आधी गेले तर?" मी चुलीत काटकी सारली. "तर येईल की पालमच्या गाडीची दुसरी कोणी," असे तिनेच म्हटले आणि भाकरी उलटली.

गाडी थांबते तिथे लिंबाखाली मी एक रांजण बसवला आहे. रोज सकाळी मी तो भरतो. ज्या दिवशी मी विसरतो, त्या दिवशीही तो भरलेला असतो.