सर्वपित्रीच्या दिवशीचं काळं रॉकेट

गेल्या सर्वपित्री अमावास्येला मी माझ्या वडिलांना उपाशी ठेवलं. वडील त्याआधीच वारलेले असल्यामुळे त्यांची तक्रार थेट माझ्याकडे आली नाही. ती आईमार्फत आली.

मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. बातमीतली खात्री नसलेली वाक्यं काढून टाकणं हे माझं काम. सुट्टीच्या दिवशी मी छोटी रॉकेटं बनवतो. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख, पुढे टोपी, खाली बोटाएवढं तयार इंजिन. रॉकेट वर जातं, टोपी उडते, आतून पॅराशूट उघडतं आणि सगळं अलगद खाली येतं. ज्यांना यातलं कळत नाही ते याला फटाका म्हणतात. (मुलुंडमध्ये यातलं कळणारा मी एकटाच आहे.) इंजिनं हवाबंद डब्यात, आईच्या सोड्यांच्या डब्याशेजारी असतात. सुकवलेली कोलंबी आणि रॉकेटचं इंजिन, दोघांनाही दमट हवा चालत नाही. आईला मात्र हे शेजारपण कधीच पसंत नव्हतं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी परब यांनाही हा छंद पसंत नाही. माझं आधीचं एक रॉकेट त्यांच्या खिडकीतून आत शिरलं आणि पॅराशूटसह त्यांच्या सोफ्यावर उतरलं. ते किती अलगद उतरलं याचं श्रेय त्यांनी दिलं नाही. पुन्हा असलं काही इमारतीत दिसलं तर पोलिसांना बोलवीन, असं त्यांनी मला लिफ्टमध्ये, इतरांसमोर सांगितलं.

म्हणून पुढचं रॉकेट मी अमावास्येच्या आदल्या दिवशी मिठागराकडच्या मोकळ्या जागेत नेलं. पांढरं पॅराशूट ढगांत दिसत नाही, या निरीक्षणावरून मी कचऱ्याच्या काळ्या पिशवीचं पॅराशूट कापलं आणि नळीलाही काळा रंग दिला. उड्डाण उत्तम झालं. मग खाडीवरून वारा सुटला आणि रॉकेट वस्तीच्या दिशेने निघून गेलं. घरी मी ते हरवल्याचं सांगितलं. हे वाक्य त्या क्षणी बिनचूक होतं.

अमावास्येच्या सकाळी गच्चीवर कावळ्यांनी थैमान घातलं. शेकड्यांनी जमले, ओरडले आणि अचानक सगळेच्या सगळे निघून गेले. आम्ही स्वयंपाकात होतो, त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही. आईने पहाटे उठून वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर असं सगळं केलं होतं. बोरिवलीहून दादा आला होता. त्याने केळीच्या पानावर बाबांची वाडी, म्हणजे त्यांच्या नावाचं जेवण, वाढून घेतली आणि आम्ही वर गेलो. वाडी गच्चीवर ठेवायची, कावळा शिवला की मग घरच्यांनी जेवायचं, असा आमच्याकडचा नियम. इमारतीतली आणखी काही घरंही पानं घेऊन आली होती. परब त्यांच्या आईची वाडी घेऊन उभे होते.

आभाळात एकही कावळा नव्हता.

दादाने "काव काव" करून पाहिलं. परबांनीही केलं. मी करणार, तेवढ्यात माझी नजर पाण्याच्या टाकीवर गेली. टाकीवरच्या वीजरोधक सळईला काहीतरी काळं लटकत होतं. दोन काळे पंख, काळं अंग, पुढे टोकदार चोच. पंख वाऱ्यावर अधूनमधून फडफडत होते.

ते रॉकेट होतं. मी "काव" गिळला.

परबांनीही तिकडे पाहिलं आणि मेलेला कावळा अडकल्याचं जाहीर केलं. लटकलेला मेलेला कावळा दिसला की बाकीचे त्या जागी फिरकत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी शांतपणे म्हणालो की मी वर चढून काढतो. आईने माझा दंड पकडला. आजच्या दिवशी मेल्या कावळ्याला हात लावायचा नाही, उद्या पालिकेच्या माणसाला बोलवा, असं तिने सांगितलं आणि सगळ्या गच्चीने माना डोलावल्या. आता ते काढायचं तर ते कावळा नाही हे सांगावं लागणार होतं. परब माझ्यापासून एका पानाच्या अंतरावर होते. मी गप्प बसलो.

मग दादाने गाडी काढून वाडी बोरिवलीला न्यायची सूचना केली. तिकडे कावळे भरपूर, असं त्याचं म्हणणं. आईने ती फेटाळली.

"तेंका हयचो पत्तो म्हायत आसा," ती म्हणाली. "बोरिवलीत तुझा घर खय शोधतले?"

गाईला पान देऊ, असं माझी बायको स्मिता म्हणाली. गाय चालणार नव्हती. कावळा येत नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली आहे, हे आईने ठरवलं आणि एकेकाला पानासमोर उभं केलं. दादाने हात जोडून गावचं घर विकणार नाही असा शब्द दिला. (तो ते विकायच्या बेतात आहे हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यालाही ते तसं जाहीर करायचं नसावं.) ही लागण शेजारच्या पानांपर्यंत गेली. परबांनी कित्येक वर्षं अबोला असलेल्या भावाला तिथूनच फोन लावला आणि सगळ्यांदेखत माफी मागितली. भाऊ पलीकडे रडत होता, असं त्यांनी फोन ठेवून सांगितलं आणि डोळे पुसले. कावळा आला नाही. माझी पाळी आली तेव्हा मी पानासमोर ओठ हलवले. काय पुटपुटलो ते सांगण्यासारखं नाही, कारण काहीच पुटपुटलो नाही.

ऊन चढलं. आईने सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि पोटात फक्त चहा होता. तिचा हात कापायला लागला तेव्हा स्मिताने साखर आणली. आईने वाटी बाजूला सारली.

"आधी ते जेवांदेत, मगे मी."

मग ती टाकीच्या सावलीत, बरोब्बर माझ्या रॉकेटच्या खाली बसली आणि हळू आवाजात बोलू लागली. शेवटच्या दुखण्यात बाबा तिच्याकडे रोज सुंगटांचं तिखलं, म्हणजे कोलंबीचं तिखट कालवण, मागायचे. डॉक्टरांनी मनाई केली होती.

"तेंनी सुंगटां मागितल्यानी आणि मिया तेंका पेज दिलंय," ती म्हणाली. "तोच राग आसा तेंचो. माझ्यामुळे उपाशी रवले."

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करत आलो आहे. समोर माझी आई, माझ्या कचऱ्याच्या पिशवीखाली बसून, तिने न केलेल्या चुकीसाठी रडत होती, आणि मी परबांना घाबरून उभा होतो. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

"आई, तो कावळा नाही," मी म्हणालो. "माझं रॉकेट आहे. बाबा रागावलेले नाहीत. कावळे मी घालवले."

सगळ्यांनी आधी सळईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोलिसांचा विषय निघेल म्हणून मी परबांकडे बघत होतो. त्यांच्या मनात वेगळंच होतं.

"म्हणजे मी भावाला उगीच फोन केला?"

दादानेही घाईने विचारलं की मग त्या घराच्या शब्दाचं काय.

"तो तसोच रवतलो," आई म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "वर चढ. काढ ता."

मी चढलो, दोऱ्या सोडवल्या आणि ते काळं धूड हातात धरून खाली उतरलो. ही माझी दुसरी चूक. कावळे कुठेतरी बसून पाहत असणार. त्यांना एक मेलेला कावळा दिसला आणि त्याला घेऊन जाणारा मी दिसलो. गच्ची ओलांडेपर्यंत त्यांनी माझं डोकं टोचून काढलं. एवढ्या वेळात जे आले नव्हते ते सगळे आले. मी जिन्यात घुसून दार लावलं. बाहेर दादा ओरडत होता, शिवला, शिवला! परबांची वाडी, आमची वाडी, सगळी पानं साफ झाली. आईने तिथेच, उभ्या उभ्या, पहिला वडा खाल्ला. मी जिन्याच्या दाराच्या फटीतून पाहिलं.

परबांनी पोलिसांना बोलावलं नाही. भाऊ दिवाळीला येणार आहे म्हणून ते जरा मवाळ आहेत. आईही माझ्याशी नीट बोलते. इंजिनांचा डबा मात्र आता माझ्या ऑफिसात आहे.

कावळे तेवढे विसरलेले नाहीत. मी फाटकाबाहेर पडलो की ते आंब्यावरून सूर मारतात. इतर कोणाच्या वाटेला जात नाहीत. भर उन्हात मी छत्री उघडून स्टेशनला जातो आणि लोक मला त्वचेचा काहीतरी आजार असावा असं समजतात. त्याचंही मला काही वाटत नाही. काळजी एकच आहे. कधीतरी माझीही वाडी याच गच्चीवर ठेवली जाईल, आणि मुलुंडातला प्रत्येक कावळा मला चेहऱ्याने ओळखतो.