व्याह्यांचं थोरलं लोणार

ये, अशी जवळ बस. दारात उभ्याउभ्या खुशाली विचारून पळायची ही कुठली रीत शिकलीस गं? भाची आहेस माझी, मीटर पाहायला आलेली बाई नाहीस. तो फोन ठेव बाजूला. चहा होईपर्यंत तुला आपल्या सुमीच्या सासऱ्यांची, म्हणजे लोणारच्या खाऱ्या तळ्याजवळच्या बीबी गावच्या आमच्या व्याह्यांची गंमत सांगते.

या माणसाला जगात नवीन असं काहीच नाही. देवानं आणि माणसानं जे जे म्हणून केलं, ते ते त्यांनी बीबीत आधीच पाहून ठेवलेलं आहे. मुंबईला सुमीच्या बिल्डिंगीत पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढले तर म्हणे, "विहिरीवरची मोटच आहे ही. फक्त बैल दिसत नाहीत." डोक्यावरून विमान गेलं तरी मान वर करत नाहीत, फवारणीचा पंप याहून मोठा वाजते म्हणतात. एकदा सुमीनं त्यांना हॉटेलात नेऊन नूडल्स मागवल्या. बराच वेळ त्या बशीकडं पाहून यांनी निकाल दिला, "शेवया आहेत. गूळ टाकायचा विसरली बाई." आणि खरंच गूळ मागवला! वेटर चार टेबलं फिरून शेवटी साखर घेऊन आला. मीही चाखल्या त्या, लपवत कशाला, वाईट नव्हत्या. आणि हे सगळं इतक्या गंभीरपणे चालतं, की समोरच्याला वाटावं, आपलंच काही शिकायचं राहून गेलं.

अशा सर्वज्ञ माणसाला एकच गोष्ट उमगत नव्हती. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे जावई, गावाकडं काऊन येत नाहीत? लग्नानंतर एकदा आले, तेवढंच. दर हिवाळ्यात व्याह्यांच्या वावरात रोडग्यांचा बेत असतो. कणकेचे हे एवढाले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडायचे आणि तुपात बुडवून हाणायचे. आणि दर हिवाळ्यात जावयांचा फोन येतो, "बाबा, सुटी नाही." व्याही म्हणतात, "हाव, हाव, काम पाह्य बाबू," आणि मग दिवसभर वावरातून घरी येत नाहीत. 'ये' असं तोंडानं मात्र कधी म्हणाले नाहीत. तेवढा ताठा आहेच.

मागं जावयांनीच टूम काढली, की शनिवार-रविवार सगळ्यांनी कोकणात जायचं, शिडाच्या होडीतून बेटं पाहायची. मलकापूरच्या स्टेशनावर व्याही दिसले ते पाण्याच्या दोन कॅन आणि एक पोतं घेऊन.

"अहो व्याही, पाण्यावरच तर चाललो न आपण!" मी म्हटलं.

"ते खारं असते, विहीणबाई. लोणारच्या अंगच्या माणसाले खाऱ्या पान्याचं शिकवू नका."

"आणि पोत्यात?"

"गोवऱ्या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगं गावाले येत नाही, तर मीच गाव घेऊन चाललो. एकदा रोडगे पोटात गेले, की पाय आपोआप घराकडं वळतीन त्याचे." एवढं बोलून त्यांनी घाईघाईनं कॅन उघडली आणि घटाघटा पाणी प्यायले. गाडीत समोरच्या बाईनं नाकाला पदर लावून विचारलं, पोत्यात काय आहे म्हणून. तर म्हणे, "सुकामेवा."

समुद्र दिसला तशी आमच्या विहीणबाईंनी, म्हणजे व्याह्यांच्या बायकोनं, हातच जोडले. व्याह्यांनी कमरेवर हात ठेवून इकडून तिकडं नजर फिरवली आणि म्हणाले, "बरं आहे. थोरलं लोणार." होडीत बसल्यावर शिडाला हात लावून पाहिला. "खळ्यावरची ताडपत्री." होडी हाकणाऱ्या तांडेलाला तर सुकाणू कसं धरावं हे किनाऱ्यापासून पहिल्या बेटापर्यंत शिकवत राहिले, जसा काही तो गाडीला नवीन गोऱ्हे जुंपून निघाला होता. वाऱ्यानं होडी एका अंगाला कलली तशी विहीणबाईंनी माझं मनगट धरून रामरक्षा सुरू केली. "काही नाही वं, चाक चाकोरीतून घसरलं," इति व्याही. बिचारा तांडेल चाक शोधत बसला.

रविवारी दुसऱ्या बेटावर उतरलो. व्याह्यांनी पाण्याला अगदी लागून, सपाट ओली वाळू पाहून गोवऱ्या रचल्या. हात धुवायला बरं पडते म्हणे. तांडेल म्हणाला, "काका, हितं नको, भरती येईल."

"बाबू, जन्म गेला माहा लोणारच्या काठी. पानी जिथं असते तिथंच राह्यते. त्याले काय पाय असतात?"

तांडेल होडीच्या सावलीत जाऊन आडवा झाला. जावई काळा चष्मा लावून जरा लांबच उभे. "बाबा, हॉटेलात जेवू ना. लोक बघतायत." व्याह्यांनी मान वर केली नाही. निखारे मात्र उगाच चार वेळा खालीवर केले. मला फार वाईट वाटलं बघ.

रोडगे राखेत पुरले आणि व्याह्यांचा डोळा लागला. थोड्या वेळानं एकदम चर्रर्र झालं. डोळे न उघडताच ओरडले, "कोनं पानी सांडलं बे?"

कोणी सांडलं ते दुसऱ्या लाटेनं सांगितलं. गोवऱ्या ओळीनं अशा निघाल्या, जशा म्हशी तळ्यावर. व्याही काठी घेऊन गुडघाभर पाण्यात. "हट! मांगं हो! हट म्हन्तो न!" लोकांनी मोबाईल काढले. "अहो, ते तुमचं ऐकत नसते, इकडं या!" विहीणबाई ओरडत होत्या. आमची हसून हसून पुरेवाट झाली.

मग व्याही थांबले. काठी खाली केली. धोतर पाण्यावर फुगलेलं, आणि त्यांनी वळून मुलाकडं पाहिलं. काहीतरी नवीन पाहिलेल्या माणसाचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

जावयांनी चष्मा वाळूत फेकला आणि बूटपँटसकट पाण्यात घुसले. "बाबा, तुम्ही डावीकडून घेरा, मी इकडून येतो!" कोंबड्या धराव्या तसे बापलेक रोडगे धरत होते. गावले ते आणले, वरचं खारट साल काढलं, आत अजून गरम होते. जावयांनी तुपात बोटं बुडवून खाल्ले, मग मान खाली घालून म्हणाले, "थंडीत येतो मी, बाबा. वावरात करू. तिथं पानी तरी मांगं नाही लागत." लग्नापासून शहरी 'मला-तुला' करणाऱ्या जावयांच्या तोंडून वऱ्हाडी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"ये न," व्याही म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले. आणि समुद्राच्या पाण्यानं तोंड धुवायला गेले. मिठानं डोळे झोंबले म्हणे.

आता थंडी पडली आहे. व्याह्यांनी वावरात रोडग्यांसोबतच्या भाजीसाठी वांग्यांचं एक तास, म्हणजे अख्खी ओळ, राखून ठेवलं आहे, कोणाला तोडू देत नाहीत. जावयांचं तिकीट एकदा रद्द झालं, पुन्हा काढलं आहे. वांगी मात्र थांबत नाहीत, निबर होऊन राह्यली. काल मला फोनवर विचारतात, "विहीणबाई, शनिवारची गाडी मलकापूरले खरंच थांबते न?" मी म्हटलं, थांबते हो.

तूही ये गं शनिवारी बीबीला, लेकरांना घेऊन. जावई आले तर मजाच आहे. नाही आले, तर पंगतीत निदान माणसं दिसली पाहिजेत त्या माणसाला. ये, लवकर ये.