बोट सुटली तिथून पुढे

आमच्या दहिसरच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर धोंडू परबांची सून राहते. नाव लुआना, गाव ब्राझीलमधलं रेसिफे. धोंडूंचा मुलगा सर्वेश जहाजावर कुक आहे. तिकडच्या बंदरात त्याचं जहाज लागलं आणि स्वारी लग्न ठरवूनच परत आली. मुलगी गाणारी. गाणी स्वतःच रचते, तिच्याकडच्या जत्रेतले ढोल आणि गिटार एकत्र करून म्हणते. शनिवारी अंधेरीच्या हॉटेलात कार्यक्रम, रविवारी सासूच्या, म्हणजे शेवंतीबाईंच्या, हाताखाली घावणे. घावणे अजून तव्याला चिकटतात, पण ती गायला लागली की माझ्यासारखा तिरसट माणूसही गप्प होतो.

मी चौथ्या मजल्यावर राहतो. धोंडूबुवांच्या भजनात पखवाज वाजवतो. बुवा गिरणीत होते तेव्हापासूनचं हे मंडळ. त्यांचा एक गजर आहे, तो वर्षातून एकदाच, घरच्या गणपतीपुढे होतो. त्यांचे गुरू भिवाबुवा, त्यांनी दिलेला. भिवाबुवा तरुणपणी बोटीवर खलाशी होते. गजर चढत चढत जातो आणि ऐन रंगात अचानक थांबतो. तिथे भिवाबुवा हात झटकून म्हणायचे, "इतक्यात बोट सुटली." त्यांच्यामागे धोंडूबुवाही तेच म्हणतात, आम्ही हसतो, मग उसळ-पाव. म्हाताऱ्याची लकब, असंच सगळे धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी लुआनाचा या घरातला पहिला गणपती. गजर सुरू झाला आणि स्वयंपाकघराच्या दारातून, हातात उसळीचा डाव तसाच धरून, ती बरोबरीने गाऊ लागली. चाल तीच, शब्द तिच्या भाषेतले. नंदू झांजवाल्याने झांजा खाली ठेवल्या आणि हे देवाचं घर आहे, अंधेरीचं हॉटेल नाही, असं तोंडावर सुनावलं. ती गोंधळली. मोडक्या मराठीत म्हणाली, "हे गाणं आमचं आहे. माझी आजी म्हणते."

झालं! धोंडूबुवांचा चेहराच उतरला. गुरूची एवढी एकच ठेव त्यांच्यापाशी होती, आणि सून म्हणत होती की ती दुसऱ्याच कोणाची. त्यांनी पेटी बंद केली. दुसऱ्या दिवशी आरती झाली, भजन झालं नाही. पेटी गावच्या देवळात देऊन टाकायची भाषा चालली आहे, असं शेवंतीबाईंनी मला जिन्यात सांगितलं. लुआना तर सासऱ्यांसमोर यायचीच बंद झाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बुवांची समजूत घालायला वर गेलो. तेवढ्यात लुआना आतून आली आणि फोन बुवांपुढे धरला. पडद्यावर एक सुरकुतलेली बाई अंगणात कपडे धूत होती. तिकडे सकाळ होती. नातीने काहीतरी सांगितलं तशी ती गायला लागली. चाल आमच्या गजराचीच. माझी बोटं आपोआप मांडीवर पडायला लागली. गजर थांबतो ती जागा आली. म्हातारी थांबली नाही. धुणं पिळत पिळत पुढे गेली, आणखी वर चढली आणि अलगद उतरून सुरुवातीला येऊन मिळाली.

बुवांनी फोन हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "भिवाबुवा मस्करी करी नाय होते. बोट खरीच सुटलली."

कुठल्या तरी लांबच्या धक्क्यावर हा कोकणातला खलाशी गाणं ऐकत उभा राहिला असेल, भोंगा झाला असेल, आणि कानात बसलं तेवढंच घेऊन तो धावत शिडी चढला असेल. उरलेलं गाणं तिकडेच राहिलं होतं, कोणाच्या तरी आजीच्या तोंडी. मला अजूनही ते नुसतं आठवलं तरी नवल वाटतं.

विसर्जनाच्या दिवशी बुवांनी पेटी काढली आणि वर्षातून एकदाच होणारा गजर दुसऱ्यांदा धरला. गजर चढत गेला, ती जागा आली, आणि सवयीने कोरस थांबला. बुवांनी हात झटकला नाही. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, तिथे लुआना डाव घेऊन उभी होती.

"सूनबाय, हय येऊन बस. फुडचा आमका येणा नाय, तुका येता."

ती डाव ठेवून नंदूच्या शेजारी येऊन बसली. नंदू सरकला. पुढची ओळ तिने एकटीने म्हटली, कारण आमच्यापैकी कोणालाच ती येत नव्हती. मी ठेका धरून होतो, आणि धोंडूबुवा डोळे मिटून शिकत होते.