दाभणवाली

कस्टमच्या शेडमध्ये तिला सगळे दाभणवाली म्हणत. साहेबांनी तपासणीसाठी पोती फाडायची आणि हिने ती दाभण-सुतळीने पुन्हा शिवायची, असा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. "उंदीर आणि साहेब, दोघांच्या जिवावर माझं घर चालतं," असं ती हसत सांगायची.

मग मशीन आलं. ट्रक कमानीतून गेला की आतला माल पडद्यावर दिसे. तीन-तीन दिवस ताटकळणाऱ्या गाड्या दहा मिनिटांत सुटू लागल्या. भलं झालं, खोटं कशाला बोला! पण आता एकही पोतं फाडलं जाईना. त्यात नवा नियम आला: महिन्यात एकदाही कामाची नोंद नाही, तर गेटपास रद्द. घरी नवरा दम्याने अंथरुणाला खिळलेला. पास गेला की चूल विझली.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी ती साहेबांपुढे उभी राहिली. "साहेब, एक तरी फाडा हो."

"उगाच कशाला फाडू, मावशी? मशीनने पास केलंय."

बाहेर डाळीचा ट्रक शिक्क्यासाठी थांबला होता. ड्रायव्हर ओळखीचा, हसरा. "मावशी, गाडीकडे बघता का जरा? कागद घेऊन येतो," म्हणून तो खिडकीकडे गेला. तिची मती फिरली. सुतळी कापायचा चाकू काढून ताडपत्रीखाली हात घातला आणि तिने एका पोत्याला चीर दिली. एकच पोतं, तेवढं शिवलं की झालं, असं तिला वाटलं.

डाळ भळाभळा सांडली. शिपाई धावले. पास झालेल्या मालाला हात लागला की सगळा माल उघडायचा, हाही नियमच. दोनशे पोती उतरवून फाडली. आत डाळच निघाली, तरी मालाला हात लावल्याच्या ठपक्यावरून ड्रायव्हरचा परवाना जप्त झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"साहेब, मी हात लावला नाही," तो काकुळतीने म्हणाला. "मावशींना विचारा, त्या इथेच होत्या."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं.

"माझं... माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

दोनशे पोती तिने शिवली. एकटीने उरकेना, म्हणून ड्रायव्हर शेजारी बसून एकेका पोत्याची चीर जुळवून धरत होता. नोंद झाली, पास महिनाभर वाढला.

जाताना त्याने हात जोडले. "माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला, मावशी."

त्याने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.