ब्रेकबाईंच्या गाडीचा पंप

गावातली निम्मी माणसं आपल्याकडे गाडी चालवायला शिकली आणि उरलेली निम्मी त्यांच्यापासून जीव वाचवायला शिकली, असं खुद्द बाईच सांगत. त्यांचा ड्रायव्हिंग क्लास केव्हाच बंद झाला होता, पण क्लासची गाडी त्यांनी काढून टाकली नव्हती. फिकट निळी, गोल दिव्यांची, बाईंपेक्षा थोडीच लहान. शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी एक जादा ब्रेक होता, तोही तसाच होता. आयुष्यभर बाईंनी तो इतका दाबला होता की विद्यार्थी त्यांना पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या गाडीखाली एका सकाळी पाण्याचं थारोळं दिसलं. बाईंनी बॉनेट उघडलं, पंखा धरून हलवला, तर तो लटलट हलला. वॉटर पंप गेला होता. इंजिनात पाणी फिरवायचं काम त्याचं. तो नसला तर सपाट रस्त्यावरच गाडीला वाफा सुटतात, घाटाचं तर नावच नको.

आणि बाईंना रविवारी घाटच चढायचा होता. घाटमाथ्यावर त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. गुडघे गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर. "माझ्याकडे राहायला ये" म्हणून बाईंनी वर्षानुवर्षं तिच्या विनवण्या केल्या होत्या आणि परवा ताई अचानक हो म्हणाल्या होत्या. "रविवारी ये. तुझ्या गाडीनं नेणार असशील तर येते. परक्याच्या गाडीत मी बसायची नाही." ताईंचा होकार म्हणजे उन्हात ठेवलेलं लोणी, हे बाई लहानपणापासून ओळखून होत्या. रविवार हुकला की होकार गेला.

तेव्हा पंप हवा, चांगला हवा आणि चार दिवसांत हवा. बाईंनी जुना पंप सोडवला, पिशवीत घातला आणि बाहेर पडल्या.

आधी गेल्या स्पेअर पार्टच्या दुकानात. दुकानदार त्यांचाच विद्यार्थी. त्यानं चकचकीत नवा पंप काउंटरवर ठेवला.

"बाई, डोळे झाकून घेऊन जा. बसणारच!"

"तू डोळे झाकूनच वळायचास," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जुना पंप नव्याशेजारी ठेवला. नव्याचा दांडा बोटभर जास्त लांब होता. तो बसवला असता तर पंख्यानं रेडिएटरच फाडला असता.

"थोडं ठोकून बसवतील की हो."

"माझ्या कुंपणात गाडी बसवलीस ती अशीच."

तिथून भंगारवाल्याकडे. तोही विद्यार्थीच. बाईंना पाहताच तो लांबूनच ओरडू लागला, "असली माल, बाई! कंपनीचा! असा पुन्हा मिळणार नाही!" समोर कुणी नसताना तो हमखास हॉर्न वाजवायचा आणि कुणी आडवं आलं की नेमका विसरायचा, हे बाईंना आठवलं. त्यांनी पंपाचा दांडा बोटांनी फिरवला. आतून करकर आवाज आला. त्यांनी पंप ढिगावर परत ठेवला.

एव्हाना एक गोष्ट उघड झाली होती. बाई पंप निवडतच नव्हत्या. पंप देणारा माणूस गाडी कशी चालवायचा, त्यावरून त्या काय ते ठरवत होत्या. ही पद्धत कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, पण बाईंनी डॉक्टर, सुतार आणि भाडेकरू असेच निवडले होते आणि एक भाडेकरू सोडला तर त्या कधी फसल्या नव्हत्या.

राहता राहिला लेथवाला, यंत्रावर लोखंडी भाग कातून देणारा. हा त्यांचा सगळ्यात रडतखडत पास झालेला विद्यार्थी. प्रत्येक चौकात थांबायचा, डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, मग पुन्हा डावीकडे. रिकाम्या रस्त्यावरही त्याच्यामागे रांग लागायची. त्यानं बाईंचा जुनाच पंप हातात घेतला आणि इतका वेळ बघत राहिला की बाईंना वाटलं, ह्याचा डोळा लागला.

"बाहेरचं कवच ठणठणीत आहे," तो शेवटी म्हणाला. "बेअरिंग आणि सील संपलंय. दांडा झिजलाय. नवा दांडा कातून ह्यातच बसवतो."

"कधी?"

"बघतो."

"रविवारी घाट चढायचाय रे!"

"म्हणूनच बघतो म्हटलं."

बाईंनी पंप तिथेच ठेवला खरा, पण शनिवारी दुपारी ताईंचा फोन आला. "तुझ्या गाडीचं काहीतरी बिनसलंय म्हणे? राहू दे गं. पुढच्या वर्षी बघू." आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता. पुढच्या वर्षी ते तीन जिने ताईला कोण उतरवणार होतं? बाई तडक स्पेअर पार्टच्या दुकानापर्यंत गेल्या, चकचकीत पंप हातातही घेतला. मग चरफडत खाली ठेवला आणि लेथवाल्याकडे जाऊन बसल्या.

तो शांतपणे दांडा कातत होता. थोडं कातायचा, मोजायचा, पुन्हा थोडं कातायचा. बाईंचा पाय जमिनीवर दाबला जात होता. जन्मात पहिल्यांदाच त्या ब्रेक नव्हे, अॅक्सिलरेटर दाबत होत्या.

"बाई," तो मान वर न करता म्हणाला, "मागचा माणूस घाई करायला लागला तर काय करायचं, असं सांगायचात तुम्ही?"

बाईंनी जमिनीवर दाबलेला पाय उचलला. "आपला वेग सोडायचा नाही."

"हां."

दिवेलागणीला पंप तयार झाला. बाईंनी तो एका बोटानं फिरवला. आवाज नाही, अडखळणं नाही. "पास," त्या म्हणाल्या, आणि पन्नाशीचा तो माणूस कानापर्यंत लाल झाला.

रविवारी गाडीनं घाट चढला आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. ताई हो-नाही करत, दर पायरीला बाईंना बोल लावत जिने उतरल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या.

उतारावर मात्र गाडी विचित्र वागू लागली. वळण आलं की आपोआप अडायची. काटा जागेवर होता. पट्टा? चाकं? त्यांनी गाडी कडेला घेतली आणि त्यांची नजर खाली गेली. ताईंचा पाय जादा ब्रेकवर होता.

"ताई! तो पाय काढ!"

"का? असू दे."

"अगं, तो शिकवणाऱ्यासाठी असतो."

"मग सायकल तुला कुणी शिकवली?" ताई समोर बघत म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "तुझ्याकडे आले की तू मला म्हणणार, ताई, तू फक्त बस. कशाला हात लावू देणार नाहीस. मला त्याचीच भीती वाटते गं. म्हणून इतकी वर्षं येत नव्हते."

खरंच, बाई तसंच म्हणणार होत्या. खोलीसुद्धा तशीच लावून ठेवली होती. त्यांनी डोळे पुसले आणि गिअर टाकला.

"वळणाच्या आधी दाब. वळणात नाही. आणि हळू."

"असं?"

"अजून हळू."

मागे गाड्यांची रांग लागली. बाईंनी खिडकीतून हात काढून सगळ्यांना पुढे जायला सांगितलं. घराशी येईपर्यंत अंधारून आलं. फाटकासमोर बाईंनी आपला पाय ब्रेकवरून मुद्दाम उचलून घेतला. गाडी सरकत गेली आणि ताईंनी ती बरोबर पायरीपाशी थांबवली.

"कशी?" ताईंनी विचारलं.

"नापास," बाई म्हणाल्या. "उद्यापासून रोज क्लास."