बाबांच्या नावापुढे 'झीलकरी'

मंडळी, आज बाबांनी माझं लिहिलेलं खोडायला लावलं, आणि बरंच झालं.

निगडीत आमच्या सोसायटीत सकाळी ज्येष्ठांच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. फळ्यावर नावं मी लिहीत होतो. शाहीर म्हणून बाबांचे कंपनीतले जुने दोस्त, गायकवाड काका. बाबा त्यांच्यामागे तुणतुणं वाजवतात, म्हणून मी लिहिलं 'तुणतुणेवाले'.

बाबा म्हणाले, "खोड ते. झीलकरी लिही."

"एकच ना बाबा?"

"तुणतुणं तूही वाजवशील. झील धरून दाखव."

शाहिराची ओळ संपली की तिचा शेवट उचलून उंच सुरात लांबवायचा, ती झील. ती धरतो तो झीलकरी. एवढं मलाही माहीत होतं. कशासाठी धरायची, ते आज कळलं.

दुसऱ्याच पोवाड्यात काकांना दम लागला. गेल्या वर्षीच बायपास झालीय त्यांची. ओळ कशीबशी संपवून ते खुर्ची धरून उभे राहिले. बाबांनी झील उचलली ती सोडेचनात. नजर काकांवर, बोट तारेवर. काका पाणी प्यायले, त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे बाबा थांबले. काकांनी पुढची ओळ अशी काही उचलली की टाळ्याच टाळ्या!

घरी आल्यावर म्हणालो, "बाबा, आज तुम्ही सांभाळून घेतलंत."

"कुणाला कळलं का?"

"नाही."

"मग जमलं," म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

तुमचा झीलकरी कोण? आज त्यांचं नाव लिहा राव.